जुन्या छापील बायबलांतली चित्रं: रेषा आणि रचना यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या चित्रांबद्दल विचारणारे बहुतेकजण दोन वाटांनी येतात. काही कलाशाळेत प्रिंटमेकिंग शिकत असतात, तर काहींनी जर्मन चित्रकार ड्यूररचे चार घोडेस्वार कुठेतरी पाहिलेले असतात आणि ते डोक्यातून जात नसतात. दोघांचेही प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. चित्रातला प्रसंग कोणता हे कळलं की आपण पान उलटतो. माझा आग्रह आहे की प्रसंग ओळखल्यावर बघायला सुरुवात करावी. रेषा कुठे जाड झाली, चौकटीत कोणाला कुठे बसवलं, मोकळी जागा कशासाठी ठेवली, या निर्णयांतूनच त्या कारागिरांची बुद्धी दिसते.

इथे नेमक्या कोणत्या चित्रांबद्दल बोललं आहे?

साधारण १४६० पासून सोळाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत युरोपात, मुख्यतः जर्मन भाषिक शहरांत आणि नेदरलँड्समध्ये, बायबलसाठी किंवा बायबलमधल्या कथांवर छापली गेलेली चित्रं. त्यातली बहुतेक वुडकट आहेत, म्हणजे लाकडी ठोकळ्यावर कोरून छापलेली. शेवटच्या काही दशकांत तांब्याच्या पत्र्यावरचं एन्ग्रेव्हिंग पुढे येतं.

गुटेनबर्गच्या बायबलात चित्रं होती का?

छापलेली नव्हती. १४५५ च्या सुमाराचं ते बेचाळीस ओळींचं बायबल म्हणजे फक्त मजकूर. मोठी आद्याक्षरं आणि समासातली वेलबुट्टी यांसाठी जागा सोडलेली असे आणि ती विकत घेणारा आपल्या ऐपतीप्रमाणे हाताने रंगवून घेई. खिळे, म्हणजे अक्षरांचे शिशाचे सुटे साचे, आणि चित्राचे ठोकळे एकाच पुस्तकात आणणारा पहिला मुद्रक म्हणून बाम्बेर्गच्या आल्ब्रेख्त फिस्टरचं नाव घेतात. त्याचं हे काम १४६१-६२ च्या आसपासचं आहे.

वुडकटमधली रेषा तयार कशी होते? पेनाने काढलेल्या रेषेपेक्षा ती वेगळी का दिसते?

फळी बहुधा पेअरच्या लाकडाची असे, झाडाच्या उभ्या तंतूंच्या दिशेने कापलेली. तिच्यावर चित्र काढायचं आणि जिथे कागद पांढरा राहायला हवा तिथलं लाकूड चाकूने व पटाशीने काढून टाकायचं. उरलेल्या उंचवट्याला शाई लागते आणि तेवढाच भाग कागदावर उमटतो, रबरी शिक्क्याप्रमाणे.

त्यामुळे इथली काळी रेषा ओढलेली नसते, राखलेली असते. एका रेषेच्या दोन्ही बाजूंनी चाकू फिरवावा लागतो, आणि प्रत्येक बाजूचं लाकूड सुटावं म्हणून समोरून तिरका दुसरा काप द्यावा लागतो. कागदावर एका झटक्यात येणाऱ्या रेषेसाठी असे चार काप पडतात. रेषा फार बारीक ठेवली तर दाबाखाली तुटते. तंतूंना आडवी गेली तर लाकूड चिरफाळण्याचा धोका असतो.

समांतर रेषा त्यामानाने सोप्या. खरी परीक्षा असते एकमेकींना छेदणाऱ्या रेषांच्या जाळीची, म्हणजे क्रॉस-हॅचिंगची. पेनाने ती क्षणात होते, पण लाकडात तिच्यातला प्रत्येक इवलासा चौकोन वेगळा खणून काढावा लागतो आणि सभोवतीच्या चारही रेषा शाबूत ठेवाव्या लागतात. म्हणून सुरुवातीच्या वुडकटमध्ये ही जाळी क्वचित दिसते. जिथे दिसते तिथे तिच्यामागे किती तास गेले असतील याचा अंदाज करून बघा. एखाद्या घडीच्या सावलीकडे बघण्याची आपली नजरच बदलते.

मग सरळ तांब्यावर का नाही कोरलं?

छपाईच्या सोयीमुळे. लाकडी ठोकळा आणि शिशाचे खिळे दोन्ही उंचवट्याने छापतात. ठोकळ्याची उंची खिळ्यांएवढी ठेवली की चित्र आणि मजकूर एकाच चौकटीत आवळून एका दाबात छापता येतात. एन्ग्रेव्हिंगमध्ये उलट असतं. तिथे रेषा म्हणजे धातूत कोरलेली खाच, शाई त्या खाचेत बसते आणि ती कागदाने ओढून घ्यावी म्हणून रुळांच्या प्रेसचा जबर दाब लागतो. म्हणजे तोच कागद दोनदा, दोन वेगळ्या यंत्रांवर न्यायचा. बायबलसारख्या जाडजूड पुस्तकासाठी हा खर्च फार होता.

सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात अँटवर्पच्या छापखान्यांनी हा खर्च पेलायला सुरुवात केली. १५९३ मध्ये तिथे जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाचा पाद्री हेरोनिमो नादाल याच्या योजनेनुसार शुभवर्तमानांतल्या, म्हणजे येशूच्या चरित्रातल्या प्रसंगांची १५३ एन्ग्रेव्हिंग प्रसिद्ध झाली. त्यांतला मोठा भाग वीरिक्स बंधूंनी कोरला होता. या चित्रांत माणसांवर, इमारतींवर, डोंगरांवर ए, बी, सी अशी अक्षरं आहेत आणि खाली त्या क्रमाने टिपा. डोळ्याने कुठून कुठे जायचं हे अक्षरंच सांगतात. मला ही पद्धत थोडी कोरडी वाटते, पण एकाच चौकटीत चार-पाच घटना न गोंधळता मांडण्याचं ते अतिशय शिस्तशीर उत्तर होतं.

ब्लॉकबुकच्या एका पानावर तीन-तीन प्रसंग का असतात?

ब्लॉकबुक म्हणजे ज्यात चित्र आणि मजकूर दोन्ही एकाच फळीत कोरलेले असत ते पुस्तक. त्यातलं सर्वांत प्रसिद्ध ‘बिब्लिया पॉपेरम’, १४६० च्या दशकात नेदरलँड्समध्ये छापलेलं, चाळीस पानांचं. प्रत्येक पान एखाद्या इमारतीच्या दर्शनी भागासारखं खांब-कमानींनी विभागलेलं. मधल्या खणात नव्या करारातला, म्हणजे येशूच्या काळापासूनचा प्रसंग, दोन्ही बाजूंना जुन्या करारातले, म्हणजे त्याआधीचे दोन, वर दोन आणि खाली दोन संदेष्टे.

जुन्या करारातली घटना पुढे येणाऱ्या घटनेची पूर्वसूचना असते, ही त्या काळची श्रद्धा या मांडणीमागे आहे. पण चित्रकाराने ती श्रद्धा केवळ शेजारी-शेजारी ठेवून भागवली नाही. येशूला कबरीत ठेवण्याचं पान पाहा. मध्ये येशूचा देह कबरीत उतरवला जातोय, एका बाजूला योसेफाला त्याचे भाऊ विहिरीत सोडताहेत आणि दुसऱ्या बाजूला योना माशाच्या जबड्यात जातोय. तिन्ही खणांत एक देह खाली चाललाय. पुनरुत्थानाच्या पानावर येशू कबरीतून बाहेर पाऊल टाकतो, योना माशातून सुटतो आणि शमशोन गज्जा नगरीची दारं उखडून खांद्यावर घेऊन निघतो. इथे तिन्ही देह बंदिस्त जागेतून बाहेर येतात. अक्षर न येणाऱ्यालाही शरीरांच्या हालचालीतून हा दुवा कळू शकतो. रचना हीच टीका, हीच व्याख्या. या पुस्तकातल्या रेषा साध्या आणि थोड्या ताठर आहेत, हे मान्य. पण पानाचा विचार म्हणून मी त्याला फार वरचं स्थान देतो.

एकाच चित्रात एकच माणूस दोन-तीन वेळा का दिसतो?

गोष्टीतला काळ चौकटीत बसवण्यासाठी. १४७८ च्या सुमाराला कोलोनमध्ये छापलेल्या बायबलात शंभरावर वुडकट आहेत. मजकूर दोन रकान्यांत असल्यामुळे चित्रं दोन्ही रकान्यांवर पसरलेली, आडवी आहेत. आडव्या पट्टीत डावीकडून उजवीकडे गोष्ट चालवणं सोयीचं होतं. एकच व्यक्ती डावीकडे बोलतेय, मध्ये चालतेय, उजवीकडे गुडघे टेकतेय. मध्ये भिंत, झाड किंवा टेकडी घातली की प्रसंग बदलला असं समजायचं.

त्याच बायबलातलं निर्मितीचं चित्र मात्र अगदी वेगळ्या विचाराचं आहे. एकात एक वर्तुळं, मधोमध पृथ्वीवर हव्वेची निर्मिती, भोवती पाणी, त्याबाहेर आकाश आणि देवदूत, वर देव. तिथे काळ नाही, सगळं एकदम आहे, म्हणून गोल रचना. प्रसंग कोणता यावर रचनेचा आकार ठरवण्याची ही समज मला फार मोलाची वाटते. नोहाच्या तारवाच्या चित्रात तर तारवाभोवतीच्या पाण्यात जलपऱ्यासुद्धा पोहताना दिसतात. त्या मजकुरात कुठेही नाहीत. पाण्याचा रिकामा पट्टा भरायला कोरणाऱ्यांना त्या हव्या झाल्या असाव्यात.

जुन्या चित्रांत नुसती बाह्यरेषाच का असते? ती अपुरी ठेवलेली वाटतात.

बऱ्याच प्रती हाताने रंगवल्या जायच्या. कोलोनच्या किंवा न्यूरेंबर्गच्या बायबलाची रंगवलेली प्रत पाहिलीत तर लाल, हिरवा, पिवळा हे रंग त्या बाह्यरेषांच्या आत भरलेले दिसतील. छापाचं काम हद्द आखण्याचं, आत जीव भरायचं काम रंगाऱ्याचं. म्हणून रेषा जाड, मोकळी आणि बंद आकार करणारी. छायेसाठी फार तर घडीच्या कडेला चार-सहा समांतर रेघा.

म्हणून अशा चित्राची रंग न चढवलेली प्रत बघून ‘कच्चं काम’ म्हणणं अन्यायाचं आहे.

एकच चित्र दोन वेगवेगळ्या बायबलांत कसं?

ठोकळे विकत मिळायचे, भाड्यानेही फिरायचे. कोलोन बायबलाचे ठोकळे न्यूरेंबर्गचा बडा मुद्रक आन्टोन कोबेर्गर याच्याकडे गेले आणि त्याने १४८३ च्या आपल्या जर्मन बायबलात त्यातले १०९ वापरले. चांगला ठोकळा हजारो छाप देतो. वापरून झिजला की चौकटीची रेषा आधी तुटते, मग बारीक रेघा. कधी किड्याने पाडलेली भोकं पांढऱ्या ठिपक्यांसारखी छापली जातात. त्यावरून कोणती प्रत आधीची हे ठरवता येतं.

त्याच शहरात १४९३ मध्ये निघालेल्या जागतिक इतिहासाच्या प्रसिद्ध ग्रंथात १८०९ चित्रं आहेत, पण ठोकळे फक्त ६४५. तीच नगरी दोन-तीन नावांनी येते, तोच चेहरा वेगवेगळ्या राजांचा होतो. त्या वाचकांना यात फसवणूक वाटत नसे. चित्र ‘इथे एक नगर आहे’ एवढंच सांगायचं.

ड्यूररने नेमकं काय बदललं? त्याचं एवढं नाव का?

आल्ब्रेख्त ड्यूरर १४७१ मध्ये न्यूरेंबर्गात जन्मला. कोबेर्गर त्याचा धर्मपिता. १४८६ पासून तो मिखाएल वोल्गेमुटच्या कार्यशाळेत उमेदवारीला होता आणि ती कार्यशाळा पुस्तकांसाठी वुडकट करण्यात शहरात आघाडीवर होती. म्हणजे छापखाना आणि ठोकळे त्याने लहानपणापासून पाहिलेले. १४९८ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्याने प्रकटीकरणावर, म्हणजे जगाच्या अंताचं वर्णन करणाऱ्या बायबलातल्या शेवटच्या पुस्तकावर, पंधरा वुडकटांचा ग्रंथ काढला, एक आवृत्ती जर्मन आणि एक लॅटिन. प्रकाशकही तोच. छापील पुस्तकांच्या इतिहासात चित्रकाराने स्वतः असा ग्रंथ काढणं नवं होतं.

पहिला बदल पानाचा. चित्रं जवळपास ३९ सेंटिमीटर उंच आणि २८ रुंद, पूर्ण पान व्यापणारी. मजकूर पानाच्या मागच्या बाजूला गेला. इतकी वर्षं चित्र मजकुराच्या रकान्यात जागा मागत होतं. इथे मजकूर चित्राच्या पाठीशी उभा राहिला. उभ्या पानामुळे रचनाही उभी झाली. वर स्वर्ग, खाली पृथ्वी, आणि दोघांमधल्या अंतरात सगळं नाट्य. देवदूत मीखाएल अजगराशी लढतो त्या चित्रात वरच्या भागात पंख, भाले आणि राक्षसांची घनघोर गर्दी आहे आणि खाली एक शांत मुलूख पसरलाय: पाणी, झाडी, चर्चचा कळस. वरचा कल्लोळ खाली पोचलेला नाही. ही तुलना घडवून आणायला उभी चौकटच लागते.

दुसरा बदल रेषेचा, आणि तो जास्त खोल आहे. ड्यूररची रेषा सुरुवातीला बारीक निघते, मध्ये फुगते, शेवटी टोकदार होते. ती बाह्यरेषेपुरती थांबत नाही. मांडीच्या गोलाईवरून वळते, कापडाच्या घडीत उतरते, ढगाच्या कडेने गुंडाळते. एकाच समांतर रेघांच्या पट्ट्यातून त्याला आकार, उजेड आणि हालचाल अशा तिन्ही गोष्टी मिळतात. रेघा जवळ आल्या की करडी छाया, दूर गेल्या की उजेड, पूर्ण थांबल्या की लखलखीत पांढरा. रंगाऱ्यासाठी काहीच शिल्लक ठेवलेलं नाही. एरास्मस या विद्वानाने १५२८ मध्ये त्याचं जे कौतुक केलं त्याचा सारांश असा: इतरांना रंगांची मदत घ्यावी लागते, हा केवळ काळ्या रेषांनी सगळं उभं करतो, आणि वर रंग चढवले तर चित्राचं नुकसानच होईल. मला यापेक्षा नेमकं वर्णन माहीत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे मजकुराशी त्याचा प्रामाणिकपणा. प्रकटीकरणात एका देवदूताचं तोंड सूर्यासारखं आणि पाय अग्निस्तंभांसारखे असल्याचं म्हटलंय. ड्यूररने अक्षरशः तसंच काढलं: ढगाचं अंग, किरणांचा चेहरा आणि पायांच्या जागी ज्वाळा निघणारे दोन खांब. दुसऱ्या कोणाच्या हातून हे हास्यास्पद झालं असतं. इथे हे दृष्टान्त पाहणारा योहान गुडघे टेकून त्या देवदूताच्या हातातलं पुस्तक गिळतोय आणि आपण त्यावर विश्वास ठेवतो, कारण खांबावरच्या छायेच्या रेघा आणि योहानाच्या झग्यावरच्या रेघा एकाच हाताच्या, एकाच खात्रीने काढलेल्या आहेत.

चार घोडेस्वारांचं चित्र कसं बघावं?

आधी दिशा बघा. स्वार डावीकडून उजवीकडे सुसाट चाललेत. पार्श्वभूमीला आडव्या समांतर रेघा आहेत आणि त्या रेघांमुळेच वेग जाणवतो. शिवाय त्या करड्या पट्ट्यावर घोड्यांची पांढरी अंगं उठून दिसतात.

मग क्रम बघा. मजकुरात एका गुंडाळीवरचे शिक्के एकामागून एक फुटतात आणि स्वार एकेक करून निघतात: धनुष्यवाला, तलवारवाला, तराजूवाला, शेवटी मृत्यू. चौघांना एका चौकटीत आणण्याची कल्पना कोलोन बायबलात आधीच होती. ड्यूररने त्यांना एकमेकांवर चढवून एकच लाट केली. धनुष्यवाला सर्वांत पुढे, वर उजवीकडे. मृत्यू सर्वांत मागे, खाली डावीकडे, मरतुकड्या घोड्यावर. मजकुरात मृत्यूच्या मागोमाग अधोलोक येतो, म्हणून कोपऱ्यात त्याच्या मागेच राक्षसी जबडा एका मोठ्या माणसाला गिळतोय. पहिल्यापासून शेवटपर्यंतचा काळ असा एका तिरप्या रेषेत मांडला गेलाय.

आता तराजूवाल्याकडे या. तो जवळपास मध्यावर आहे आणि त्याचा तराजू हातातून मागे फेकला गेल्यासारखा झुलतोय. तोल मोजायच्या वस्तूचाच तोल गेलाय. शेवटी खालचा उजवा कोपरा: टापांखाली लोळणारी माणसं. त्यांना पळायला जागाच ठेवलेली नाही, कारण चौकट तिथेच संपते. घोड्यांचे पाय आणि चौकटीची कड यांत ती चिरडली जातात.

श्रेय चित्रकाराचं की कोरणाऱ्याचं?

दोघांचं, पण इतिहासाने दुसऱ्याची नावं फार कमी जपली. जर्मन शहरांत चित्र काढणारा, ठोकळा कोरणारा आणि छापणारा ही बहुतेकदा वेगळी माणसं असत. कोरणाऱ्याचं सर्वांत उजळ नाव हान्स लुट्सेलबुर्गर. बासेलमध्ये त्याने चित्रकार धाकट्या हान्स होल्बाइनची रेखाटनं लाकडात उतरवली. तो १५२६ मध्ये वारला, आणि त्याने कोरलेले ठोकळे ज्या पुस्तकांत आले ती १५३८ मध्ये फ्रान्समधल्या लियोंत छापली गेली.

होल्बाइनची चित्रं ड्यूररपेक्षा इतकी छोटी आणि शांत का?

जुन्या करारावरच्या त्या लियोंच्या पुस्तकात नव्वदहून अधिक चित्रं आहेत, बहुतेक सुमारे सहा बाय साडेआठ सेंटिमीटरची. तळहातात मावतील एवढी. एवढ्या जागेत ड्यूररसारखा कल्लोळ केला तर नुसतं काळं झालं असतं. होल्बाइन माणसं कमी घेतो, त्यांना चौकटीच्या खालच्या भागात एका बाजूला बसवतो आणि उरलेली जागा खुली सोडतो: एक टेकडी, दूरचं घर, बाकी आकाश. छायेच्या रेघा बहुतेक एकाच दिशेच्या. मान किती झुकलीय, हात कुठवर उचललाय, एवढ्यावर प्रसंग उभा राहतो.

माझं मन ड्यूररपेक्षाही इथे जास्त रमतं. ड्यूरर बघणाऱ्याला दिपवून टाकतो. होल्बाइनकडे आपण आपणहून जवळ जातो, कारण चित्रच तेवढं लहान आहे. पुस्तकाच्या सुरुवातीची चार चित्रं मात्र वेगळ्या उभ्या आकाराची आहेत, ती मृत्यूच्या नृत्यावरच्या त्याच्या दुसऱ्या मालिकेतून घेतली आहेत.

ल्यूथरच्या बायबलातल्या चित्रांवरून वाद का झाला?

एका मुकुटावरून. सप्टेंबर १५२२ मध्ये विटेनबेर्गला पोपविरुद्ध उभा राहिलेला धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर याने केलेला नव्या कराराचा अनुवाद निघाला. त्यात प्रकटीकरणासाठी चित्रकार लुकास क्रानाखच्या कार्यशाळेतली पूर्ण पानाची २१ चित्रं होती. बरीच ड्यूररवरून सुचलेली, रेषेने अधिक रांगडी. त्यात प्रकटीकरणात दुष्ट सत्तेचं प्रतीक असलेल्या बाबेलच्या वेश्येच्या डोक्यावर पोपचा तीनमजली मुकुट होता, आणि पडणारी बाबेल नगरी रोमच्या दृश्यावरून काढली होती. अर्थ कोणाला समजावून सांगायची गरज नव्हती. विरोध झाला, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आलेल्या आवृत्तीसाठी ठोकळ्यातला मुकुटाचा वरचा भाग तासून टाकला गेला. वुडकटमध्ये काढून टाकणं सोपं, परत जोडणं अवघड. म्हणून तिथे नुसता साधा मुकुट आणि वर विचित्र मोकळी जागा राहिली. दोन्ही आवृत्त्यांची पानं शेजारी ठेवली की चाकू कुठे फिरला ते स्पष्ट कळतं. १५३४ च्या संपूर्ण बायबलासाठी नवे ठोकळे कोरले गेले आणि तीनमजली मुकुट परत आला.

त्या १५३४ च्या आवृत्तीबद्दल छापखान्यातला मुद्रितशोधक क्रिस्टोफ वाल्टर याने नंतर लिहून ठेवलं की चित्रं कशी असावीत हे काही प्रमाणात ल्यूथरनेच सांगितलं होतं, आणि मजकुरातला आशय साधेपणाने दाखवावा, निरर्थक भर घालू नये असा त्याचा आग्रह होता. जलपऱ्यांचे दिवस संपले होते.

इटलीत काय चाललं होतं?

तिथली चव वेगळी होती. १४९० मध्ये व्हेनिसला लुकान्तोनियो जुन्ताने इटालियन बायबल काढलं, त्यात रकान्याच्या रुंदीची शेकडो इवली चित्रं आहेत. रेषा बारीक आणि स्वच्छ, छाया जवळपास नाही. अक्षरांचा करडेपणा आणि चित्राचा करडेपणा इतका जुळतो की पान एकसंध दिसतं. पुस्तकाचं पान म्हणून ही मांडणी जर्मन बायबलांपेक्षा देखणी आहे, असं मी म्हणेन.

काही चित्रांत माणसं डाव्या हाताने आशीर्वाद देताना किंवा तलवार चालवताना दिसतात. ही चूक आहे का?

छाप नेहमी ठोकळ्याच्या उलट येतो. चांगला चित्रकार मूळ रेखाटन उलटं काढून हे सांभाळतो. पण नकला करणारे छापलेलं चित्र समोर ठेवून सरळ तसंच कोरायचे आणि ते छापल्यावर आरशासारखं उलटायचं. उजवा हात डावा झालेला दिसला की ती नक्कल असण्याची शक्यता पहिल्यांदा तपासा. रचनेलाही यात इजा होते: डावीकडून उजवीकडे जाणारी हालचाल उलट्या नकलेत वाचनाच्या ओघाविरुद्ध जाते आणि जड वाटते.

गुस्ताव दोरेची बायबलची चित्रं यातच येतात का?

नाही. ती १८६६ ची आहेत आणि तंत्र वेगळं. तिथे लाकूड तंतूंच्या आडव्या छेदावर, धातूच्या टोकदार हत्याराने कोरलेलं आहे. त्यामुळे अत्यंत बारीक पांढऱ्या रेषा आणि धुक्यासारख्या छटा मिळतात.

या चित्रांचा आपल्या भागाशी काही संबंध आला का?

आला, आणि गोव्यामार्गे आला. गोव्यात १५५६ मध्ये पहिला छापखाना उतरला होता. अकबराच्या निमंत्रणावरून नोव्हेंबर १५७९ मध्ये रुदोल्फो आक्वाविवा, आन्तोनियो मोन्सेरात आणि फ्रान्सिश्कू हेन्रीकेश हे जेझुइट गोव्याहून निघाले आणि फेब्रुवारी १५८० अखेरीस फत्तेपूर सिक्रीला पोचले. मार्चमध्ये त्यांनी बादशहाला अँटवर्पच्या प्लान्तँ छापखान्यात १५६८ ते १५७३ दरम्यान तयार झालेलं बहुभाषिक बायबल भेट दिलं. त्याच्या पहिल्या खंडाच्या कोरीव मुखपृष्ठावर सिंह, बैल, लांडगा आणि कोकरू शेजारी शेजारी आहेत, यशया या संदेष्ट्याच्या भविष्यवाणीतल्या शांततेप्रमाणे. सिंह आणि कोकरू एकत्र दाखवण्याची जहांगीरच्या काळच्या चित्रांतली कल्पना काही अभ्यासक या पानाशी जोडतात.

मुघल चित्रकारांनी या छापांकडे फार बारकाईने पाहिलं. केशवदासने १५८८ च्या सुमाराला मत्तय आणि देवदूताचं युरोपीय एन्ग्रेव्हिंग रंगांत उतरवलं. ते आज ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे. मला सर्वांत विलक्षण वाटतं ते अबुल हसनचं चित्र. वयाच्या तेराव्या वर्षी, १६०० च्या सुमाराला, त्याने ड्यूररच्या १५११ च्या क्रूसारोहणाच्या एन्ग्रेव्हिंगमधला योहान काढला. क्रूस, मरिया, बाकी सगळी रचना सोडून फक्त तो हात जोडून उभा असलेला योहान. ड्यूररने तांब्यात रेघांच्या जाळीने दाखवलेल्या घड्या या मुलाने बारीक कुंचल्याच्या मऊ छायेने वळवल्या. रेषेचं व्याकरण बदललं, पण झग्याचं वजन तेच राहिलं. हे चित्र ऑक्सफर्डच्याच अ‍ॅशमोलियन संग्रहालयात आहे.

घरबसल्या बघायला सुरुवात कुठून करावी?

न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन, लंडनचं ब्रिटिश म्युझियम आणि अ‍ॅमस्टरडॅमचं रायक्सम्युझियम यांच्या संकेतस्थळांवर ही चित्रं मोठी करून बघता येतात. मोबाइलच्या पडद्यावर रेघा मिसळून राखाडी होतात, म्हणून संगणक वापरा. एकच चित्र घ्या आणि त्यातला कापडाचा एक छोटा तुकडा ट्रेसिंग पेपरवर रेघ न रेघ उतरवा. कोणती रेघ आकारासाठी, कोणती छायेसाठी आणि कोणती दोन्हींसाठी आहे हे उतरवताना समजत जातं.

त्यानंतर मेट्रोपॉलिटनच्या संग्रहात ड्यूररचा ‘शमशोन सिंहाचा जबडा फाडतो’ शोधा. १४९७-९८ च्या सुमाराचं हे वुडकट आहे आणि तिथे छापाबरोबर त्याचा मूळ लाकडी ठोकळाही जपलेला आहे. दोन्ही प्रतिमा शेजारी उघडा, ठोकळ्याची प्रतिमा आडवी उलटवून घ्या आणि सिंहाच्या आयाळीपासून जुळवायला लागा.